शेजार ओळखणारी माणसं आपण घडवतो, मग पाठवतो कुठे?

प्रति,
मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: शेजारी देश जाणणाऱ्या लष्करी आणि राजनैतिक अधिकाऱ्यांची कारकीर्द

महोदय,

खरं तर हे पत्र अर्धं संरक्षणमंत्र्यांच्या नावे जायला हवं. तरीही ते आपल्याला लिहितो आहे, कारण सध्याच्या मंत्रिमंडळात हा विषय स्वतःच्या नोकरीत अनुभवलेले आपणच आहात. १९८८ ते १९९० या काळात आपण श्रीलंकेत प्रथम सचिव होता आणि भारतीय शांतिसेनेचे राजकीय सल्लागारही. परराष्ट्र सेवेतला एक तरुण अधिकारी लढणाऱ्या सैन्याला राजकीय सल्ला देतो, अशी उदाहरणं आपल्याकडे फार नाहीत.

त्या मोहिमेत काय झालं हे आपल्याला मी सांगायला नको. जुलै १९८७ मध्ये भारत-श्रीलंका करार झाला. ऑक्टोबरमध्ये ज्यांच्याकडून शस्त्रं खाली ठेवून घ्यायची, त्या तमिळ वाघांशीच (एलटीटीई) लढाई जुंपली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर १,१०० हून अधिक सैनिक गेले होते. कोलंबोतलं उच्चायुक्तालय, जाफन्यातले सेनाधिकारी आणि दिल्लीतल्या गुप्तचर यंत्रणा यांची वाघांबद्दलची समजूत एक नव्हती. ज्यांना काल प्रशिक्षण दिलं ते आज काय करतील, याचा अंदाज प्रत्येकाचा वेगळा होता. सेनापती आणि मुत्सद्दी यांच्यातला बेबनाव पुढे निवृत्तांच्या आठवणींतून चव्हाट्यावर आला आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांवर खापर फोडलं. मला त्या भांडणात पडायचं नाही. माझा प्रश्न एवढाच की त्या अनुभवानंतर अशा सल्लागाराचं पद परराष्ट्र सेवेतल्या हुशार अधिकाऱ्याला हवंहवंसं का वाटू लागलं नाही? वॉशिंग्टन किंवा न्यूयॉर्कसाठी जशी चढाओढ असते, तशी सैन्याच्या एखाद्या कमांडच्या (विभागाच्या) मुख्यालयात जाण्यासाठी का नसते?

आपल्या व्यवस्थेत माहितगार माणसं नाहीत, असं अजिबात नाही. ती असतात. पण नेमकी गरज पडते तेव्हा ती दुसरीकडेच असतात.

मराठी वाचकांना जवळचं उदाहरण लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरातांचं. कोरियातलं युद्ध थांबल्यावर १९५३-५४ मध्ये मायदेशी परतायला नकार देणारे २२ हजारांहून अधिक युद्धकैदी सांभाळायला भारताची तुकडी गेली. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि तुकडीचे प्रमुख थोरात. कैद्यांतले बहुसंख्य चिनी. हे काम बंदुकीचं कमी आणि वाटाघाटींचं जास्त होतं. पुढे १९५७ पासून थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले. ८ ऑक्टोबर १९५९ च्या टिपणात त्यांनी ईशान्य सीमेवर चीनकडून काय होऊ शकतं आणि ते अडवायचं तर सैन्य कुठे उभं करायला हवं, हे मांडलं. १९६० च्या मार्चमध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाचा सराव घेऊन तेच पुन्हा दाखवून दिलं. थिमय्यांनी टिपण वर पाठवलं, पण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे डाळ शिजली नाही. १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. थिमय्यांच्या जागी आले ते जनरल थापर. १९६२ च्या पराभवानंतर थापरांनी पद सोडलं आणि १९६४ मध्ये ते राजदूत म्हणून काबूलला गेले.

म्हणजे सीमेवरचा धोका वेळेवर ओळखणारा अधिकारी परीक्षा आणि मुलाखती घेत बसला, आणि ज्यांच्या कारकिर्दीत ती सीमा कोसळली ते शेजारच्या अस्वस्थ टापूत देशाचे प्रतिनिधी झाले. यात कुणा एकाचा दुष्टपणा नव्हता. निवृत्त सेनाधिकाऱ्याचं करायचं काय, याचा विचारच आपण त्याला काय कळतं या अंगाने करत नाही. त्याची सोय लावतो. करिअप्पा ऑस्ट्रेलियाला गेले, जे. एन. चौधरी कॅनडाला, हवाई दलाचे अर्जन सिंग स्वित्झर्लंडला, आणि आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले एअर चीफ मार्शल लतीफ फ्रान्सला. माणसं मोठी, देशही चांगले. पण यातल्या किती नेमणुका त्या देशाच्या अभ्यासावरून झाल्या आणि किती गौरव म्हणून, हे आपल्याला माझ्यापेक्षा नीट ठाऊक असेल. अलीकडे जनरल दलबीर सिंग सुहाग सेशेल्सला गेले. हिंदी महासागराच्या दृष्टीने ती जागा महत्त्वाची खरी, पण बेटांच्या देशात पायदळाचा अधिकारी पाठवताना एखाद्या ॲडमिरलचं नाव कुणाला सुचलं होतं का, असा चावट प्रश्न मनात येतोच.

आता जिथे गाडी रुळावर होती, तेही सांगायला हवं. जनरल मनोज नरवणे लष्करप्रमुख होण्याच्या बऱ्याच आधी म्यानमारमध्ये यांगूनच्या आपल्या दूतावासात तीन वर्षं डिफेन्स अटॅशे, म्हणजे दूतावासातले लष्करी प्रतिनिधी, होते. शांतिसेनेतही ते होते. ऑक्टोबर २०२० मध्ये ते आणि परराष्ट्र सचिव हर्ष शृंगला एकत्र म्यानमारला गेले. लष्करप्रमुख आणि परराष्ट्र सचिव एकाच दौऱ्यावर, हे आपल्याकडे क्वचित घडतं. त्याच सुमारास ‘सिंधुवीर’ पाणबुडी म्यानमारच्या नौदलाला देण्याचा निर्णय जाहीर झाला. ज्या देशात सत्तेची चावी सैन्याच्या खिशात असते, तिथे आपल्या बाजूने बोलणाऱ्याला त्या सैन्यातली माणसं पूर्वीपासून माहीत असणं म्हणजे काय, हे त्या दौऱ्यात दिसलं. पण नरवणे अटॅशे राहिले म्हणून लष्करप्रमुख झाले नाहीत. तो योगायोग होता, आणि धोरण योगायोगावर सोडून चालत नाही. चारच महिन्यांनी, १ फेब्रुवारी २०२१ ला, तिथे लष्कराने सत्ता हातात घेतली. आज म्यानमारमधून मिझोरामला जोडणाऱ्या आपल्या कलादान प्रकल्पाच्या मार्गावरचं पलेत्वा गाव अराकान आर्मी या बंडखोर सैन्याच्या ताब्यात आहे. तिथे कुणाशी बोलायचं, किती बोलायचं आणि कोणत्या शब्दांत, हा प्रश्न नुसत्या मुत्सद्द्याला सुटणारा नाही आणि नुसत्या सैनिकालाही नाही.

याच नरवण्यांच्या एका वाक्याने उलटंही घडलं होतं. मे २०२० मध्ये भारताने बांधलेल्या लिपुलेखच्या रस्त्याला नेपाळने हरकत घेतली, तेव्हा ती दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून असावी असं ते जाहीरपणे म्हणाले आणि काठमांडू दुखावलं. नोव्हेंबरमध्ये तेच काठमांडूला गेले, नेपाळी सैन्याचं मानद जनरलपद १९५० पासूनच्या रिवाजाप्रमाणे स्वीकारलं, आणि ताण थोडा सैल झाला. ठेचही गणवेशालाच लागली आणि मलमही गणवेशानेच लावलं. दोन वर्षांनी अग्निपथ योजना आली आणि नेपाळने गोरखा भरती थांबवली. भरतीचा निर्णय संरक्षण खात्याचा, पण त्याचा झटका गोरखा भरतीच्या १९४७ च्या भारत-नेपाळ-ब्रिटन त्रिपक्षीय कराराला बसला, म्हणजे आपल्या खात्याला. योजना कागदावर उतरत होती तेव्हा काठमांडू ओळखणारं कुणी त्या टेबलाशी बसलेलं होतं का?

लडाखचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. ६ जून २०२० ला सीमेवर चुशुल-मोल्डोला चिनी सैन्याशी कोअर कमांडर पातळीवरची पहिली बैठक झाली. नऊ दिवसांनी गलवान घडलं, २० सैनिक गेले. पुढच्या बैठका सेनाधिकारीच घेत राहिले. २१ सप्टेंबरच्या सहाव्या फेरीत पहिल्यांदा आपल्या खात्यातले पूर्व आशिया विभागाचे सहसचिव नवीन श्रीवास्तव त्या टेबलावर आले. सीमाप्रश्नावरच्या राजनैतिक यंत्रणेत चिन्यांशी बोलणारेही तेच, म्हणजे दोन्ही धागे अखेर एका हातात आले. निर्णय उत्तम होता. फक्त तो सहाव्या फेरीत का झाला, पहिल्या फेरीत का नाही? कारण अशी व्यवस्था आधी तयार नव्हती, गरजेपोटी जुळवावी लागली. पहिल्या फेऱ्यांमध्ये बोलणी करणारे लेफ्टनंट जनरल हरिंदर सिंग ऑक्टोबरमध्ये लेहमधली मुदत संपवून डेहराडूनच्या सैनिकी प्रबोधिनीचे प्रमुख झाले. नियमाने जे व्हायचं तेच झालं. समोरच्याचा स्वर, त्याची टाळाटाळ, तो कोणत्या नकाशावर बोट ठेवतो आणि कोणत्यावर नाही, हे सगळं ज्यांनी ऐकलं होतं ते कॅडेट घडवायला गेले आणि त्यांच्या जागी आलेल्यांना टिपणं वाचून सुरुवात करावी लागली. गस्तीचा समझोता व्हायला ऑक्टोबर २०२४ उजाडलं.

आपल्या खात्यात मात्र याच्या उलट उदाहरणं आहेत आणि त्यातली दोन पुण्याशी नातं सांगणारी आहेत. विजय गोखले चिनी भाषा जाणणारे. २०१७ मध्ये डोकलामचा पेच चालू असताना ते बीजिंगला राजदूत होते आणि पुढे परराष्ट्र सचिव झाले. गौतम बंबावाले भूतान, पाकिस्तान आणि चीन या तिन्ही ठिकाणी प्रमुख होते. आपण स्वतः बीजिंगला साडेचार वर्षं काढलीत. म्हणजे एका टापूत मुरलेला माणूस काय करू शकतो, हे परराष्ट्र सेवेला पटलेलं आहे. पण तिथेही सगळं जेमतेम मनुष्यबळावर चालतं, परराष्ट्र सेवेत अधिकारी आहेत हजाराच्या आसपास. चीनसाठी जे जमलं ते म्यानमार, मालदीव, बांगलादेशासाठी का जमू नये?

सैन्यात हे मुळातच अवघड आहे. भाषा शिकवायची सोय आहे. दिल्लीत संरक्षण खात्याची विदेशी भाषांची शाळा आहे, पचमढीला चिनी शिकवतात. पण बढतीच्या मंडळासमोर फाइल उघडते तेव्हा आधी पाहिलं जातं ते कमांड, म्हणजे तुकडीचं नेतृत्व, कुठे केली आणि गोपनीय अहवाल कसे आहेत. अटॅशे म्हणून घालवलेली तीन वर्षं त्या हिशेबात कुठे बसतात? महत्त्वाकांक्षी कर्नल त्यामुळे विचार करतो की सिंहली किंवा बर्मी शिकून आपण मागे तर पडणार नाही? आणि तो चुकतोय असं मी म्हणणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये पोलंड, आर्मेनिया, फिलिपिन्स, जिबूती, इथिओपिया, मोझांबिक अशा ठिकाणी नवे अटॅशे पाठवायचं ठरल्याच्या बातम्या आल्या. त्याच महिन्यात ब्रह्मोस क्षेपणास्त्रं फिलिपिन्सला पोहोचली, तेव्हा मनिलाला माणूस हवाच होता. पण हे अधिकारी परत आल्यावर त्यांच्या ओळखीपाळखी कुठे जमा होणार? सर्वसाधारण बदलीच्या यादीत नाव लागलं की ते राजस्थानात किंवा गुवाहाटीत, आणि त्यांच्या डायऱ्या ट्रंकेत.

अमेरिकी सैन्यात यासाठी विभागतज्ज्ञ अधिकाऱ्यांची वेगळी शाखा आहे. भाषा, त्या प्रदेशातला अभ्यास, मग दूतावास, मग मुख्यालय, अशीच त्यांची कारकीर्द चालते. त्यांच्या प्रत्येक मोठ्या कमांडमध्ये परराष्ट्र खात्याचा सल्लागार बसतो. त्यांनी अफगाणिस्तानात काय दिवे लावले ते जगाने पाहिलं, त्यामुळे ही जादूची कांडी नाही हे मलाही कळतं. एका देशात रमलेला अधिकारी हळूहळू त्या देशाचाच वकील होतो, हा आक्षेपही खरा आहे. आणि सैन्याला परराष्ट्र धोरणात फार आत घेतलं की काय होतं, याचा धडा पश्चिम सीमेपलीकडे रोज पाहायला मिळतो. म्हणून राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारपदी सेनाधिकारीच हवा, अशी माझी मागणी नाही. १९९८ पासूनच्या पाच जणांत तीन परराष्ट्र सेवेतले आणि दोन पोलीस सेवेतले, सैन्यातला एकही नाही, हे मला खटकतं. पण तो वाद वेगळा. मी बोलतोय ते सैन्यातला कर्नल आणि आपल्या खात्यातला संचालक या पातळीबद्दल, कारण पंधरा वर्षांनंतरचा सल्लागार तिथेच घडतो.

आपले वडील के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या कारगिल आढावा समितीने सैन्यदलांची मुख्यालयं सरकारच्या सर्वोच्च रचनेबाहेर राहतात, यावर बोट ठेवलं होतं. त्यातून वीस वर्षांनी का होईना संरक्षण दलप्रमुखाचं पद आलं. सेनाधिकारी आणि सनदी अधिकारी एका छताखाली शिकावेत म्हणून राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठाची शिफारसही तिथलीच. हरियाणात बिनोल्याला त्याची पायाभरणी मे २०१३ मध्ये झाली आणि विद्यापीठ अजून उभं राहायचं आहे. आता तिन्ही दलं एका सेनापतीच्या हाताखाली आणणाऱ्या एकत्रित थिएटर कमांडची तयारी चालू आहे. त्या कमांडच्या सेनापतीसमोर एकाच वेळी दोन-तीन देश असतील, एखाद्या समुद्री कमांडसमोर तर मालदीवपासून मलाक्कापर्यंतचं पाणी. मालदीवमध्ये दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्नियर विमान चालवणारे मोजके भारतीय सैनिक निवडणुकीचा मुद्दा झाले आणि मे २०२४ पर्यंत परत बोलवावे लागले, हे आपण हाताळलं आहेच. अशा जागी सेनापतीच्या शेजारच्या खोलीत आपल्या खात्याचा माणूस पहिल्या दिवसापासून असावा. तो सहसचिव दर्जाचा असावा आणि शेजारी देशात राजदूत नेमताना त्याचा तिथला काळ जमेस धरला जावा. शिक्षा म्हणून किंवा जागा रिकामी होती म्हणून कुणाला तिथे पाठवू नये.

संरक्षणमंत्र्यांशी बोलून याची उलट बाजूही ठरवून घ्यावी. शेजारी देशात अटॅशे राहिलेला अधिकारी परतल्यावर किमान एक नेमणूक आपल्या खात्याच्या त्या विभागात करेल, आणि बढतीच्या मंडळात ती कमांडच्या बरोबरीने नाही तरी कमांडच्या खालोखाल धरली जाईल.

ऑपरेशन सिंदूरनंतर ७ मे २०२५ च्या सकाळी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांच्या दोन्ही बाजूंना कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग बसल्या, ते दृश्य देशाने पाहिलं. पत्रकार परिषदेपुरतं जे जमतं ते बदल्यांच्या फायलीत किती जमतं, हे कळायला आकडे लागतील. म्हणून एक विनंती. नेपाळ, भूतान, बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका, मालदीव, पाकिस्तान आणि चीन इथे गेल्या वीस वर्षांत अटॅशे राहिलेल्यांपैकी किती जणांना पुढची बढती मिळाली, किती जण परतल्यावर त्याच प्रदेशाशी संबंधित कामावर राहिले, आणि परराष्ट्र सेवेतल्या किती अधिकाऱ्यांनी या काळात सैन्याच्या मुख्यालयात एक पूर्ण मुदत काढली, ही माहिती दोन्ही खात्यांनी मिळून संसदेच्या पुढच्या अधिवेशनात पटलावर ठेवावी.

कळावे,

आपला,
एक मतदार