गुरुवारचे तीन ते पाच

प्रिय सिस्टर,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे, पुरे" म्हणत जिन्याकडे वळता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. आता कुठे वळाल?

तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात त्या भांडायला. सदाशिव पेठेतली आपली जुनी इमारत, वर वाटी पडली तरी खाली कळतं. "रोज रात्री दोनला पलंग कसला सरकवता हो?" हे विचारता विचारता तुमची नजर आत गेली आणि तुम्ही चपला काढल्या. ह्यांना पक्षाघात होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदला, असं घरी सोडताना सांगितलं होतं. कशी बदलायची ते कुणी दाखवलं नव्हतं. मी आपली ओढत होते, आणि माझ्या रेट्याने पलंग सरकत होता.

"ओढायचं नाही. पलीकडचा गुडघा उभा करा, खांदा आणि कंबर धरा, आता आपल्याकडे वळवा." ऐंशी किलोचा माणूस एका दमात वळला. मग पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी तुमचे हात ड्युटीवरच होते. आणि जाता जाता, "तुमचं स्वतःचं बीपी कधी तपासलंत?" दोन वर्षांपूर्वी. तुम्ही काही बोलला नाहीत, पण संध्याकाळी मशीन घेऊन वर आलात.

घरी येऊन रुग्णाचं करणाऱ्या, ब्युरोच्या मामांचा बारा तासांचा दर ऐकून आम्ही फोन ठेवला होता. त्यामुळे "गुरुवारी तीन ते पाच मी बसते, तुम्ही बाहेर पडा" हे तुम्ही म्हणालात तेव्हा मला आधी संकोचच वाटला. पहिल्या गुरुवारी तुळशीबागेपर्यंत गेले, काही न घेता घाईघाईने परत आले. चाळीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती. तुम्ही दार अर्धंच उघडलंत. "अजून सव्वा तास आहे. जा." माझ्याच घरातून मला हाकललंत! खाली उतरून एका हॉटेलात कोपऱ्यात बसले आणि चहा गरम असताना प्यायले. किती दिवसांनी, ते आठवेना.

कौतुक करणारे खूप भेटले. "सावित्री आहात अगदी," म्हणून लोक निघून जातात. सावित्रीला रात्री तीनला डायपर बदलावा लागला नव्हता, असं ओठांवर येतं. मध्यंतरी तुम्ही सरकारच्या २०१९च्या पाहणीतला आकडा वाचून दाखवलात: घरच्यांची काळजी घेणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी १३४ मिनिटं घालवतात, पुरुष ७६. आपण दोघी हसलो. १३४ मिनिटं तर ह्यांचं सकाळचं उरकेपर्यंतच होतात.

दिव्यांग प्रमाणपत्राचंही तुम्हीच मागे लागून करून घेतलंत. ह्यांना खुर्चीत बसवून तीन मजले उतरवायला खालची चार मुलं तुम्हीच गोळा केलीत. खिडकीवरच्या गृहस्थांनी मला "तुम्ही काय करता?" विचारलं. मी म्हणाले, "काही नाही, घरीच असते." रिक्षात तुम्ही घरी पोचेपर्यंत बोलला नाहीत. मग कागद आणलात: २०१६चा दिव्यांग हक्क कायदा. काळजी घेणारी व्यक्ती म्हणजे मोबदला घेऊन किंवा न घेता काळजी घेणारी, आणि त्यात घरचे लोकही आले. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधार लागतो अशांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. माझ्या हातात त्यातला एक रुपया आलेला नाही. पण अर्ज करायचा तो हक्काने, हात पसरून नाही, हे त्या दिवशी डोक्यात शिरलं. परवा एका फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात "गृहिणी" खोडून "काळजीवाहक" लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

ह्यांनाही तुमचं येणं कळतं. गुरुवारी दुपारी उजवा हात उशीवर आपटत राहतात. माझ्यासाठी कधी आपटत नाहीत, असो.

येत्या गुरुवारी पाणी बंद आहे. मोरीतला ड्रम आणि दोन बादल्या भरून ठेवते. तुम्ही लवकर आलात तरी चालेल. मी मात्र पाचच्या आधी येणार नाही.

तुमची,
वरच्या मजल्यावरची