फुटून निघण्याआधी

डिचोली, गोवा

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुमच्या संघटनेत दोन तट पडलेत, काही मुले वेगळे मंडळ काढणार आहेत आणि तुलाही बोलावतात, हे वाचले. "बाबा, पंधरा-वीस जणांच्या गटाला काही अर्थ असतो का?" हा तुझा प्रश्न आईलाही वाचून दाखवला. ती म्हणाली, फोनवर नको, नीट लिहून कळवा.

अर्थ असतो, बाय. तू महाराष्ट्रात शिकतेस, म्हणून तिथलेच उदाहरण देतो. लाल निशाण पक्षाचे नाव तुझ्या वर्गात फारसे कोणाला ठाऊक नसेल. तो कसा जन्मला ते ऐक.

जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत रशियावर हल्ला केला. तोवर कम्युनिस्ट पक्ष ज्याला साम्राज्यवाद्यांचे युद्ध म्हणत होता, तेच आता लोकयुद्ध ठरले. जुलै १९४२ मध्ये इंग्रज सरकारने पक्षावरची बंदी उठवली. ऑगस्टमध्ये मुंबईला गवालिया टँकवर 'चले जाव'ची हाक उठली, आणि पक्षाने सांगितले की या आंदोलनात उतरायचे नाही, संप करून युद्धाच्या उत्पादनात खंड पाडायचा नाही.

आज या भूमिकेला कोणीही उठून देशद्रोह म्हणतो. तू तसे म्हणू नकोस. त्याच ऑगस्टात जर्मन फौजा स्टालिनग्राडला जाऊन भिडल्या होत्या. फॅसिझम जिंकला तर जगातल्या कुठल्याच कामगाराला उद्या नाही, ही भीती खरी होती. पण महाराष्ट्रातल्या काही तरुण कॉम्रेडांच्या मनाला ते पटेना. रशिया वाचला पाहिजे हे त्यांना मान्य होते. त्यासाठी आपल्याच रस्त्यांवर लाठ्या-गोळ्या खाणाऱ्या माणसांकडे पाठ फिरवायची, हे मान्य नव्हते. ते पक्षाबाहेर पडले आणि नवजीवन संघटना उभी राहिली. एस. के. लिमये, यशवंत चव्हाण, दत्ता देशमुख ही त्या प्रवाहातली पुढे गाजलेली नावे. माझ्या मते ते बरोबर होते, आणि हे मी पक्षातल्या जुन्या मित्रांसमोरही म्हणत आलो आहे.

त्या वेळी पक्ष सोडणे म्हणजे काय, याचा विचार कर. ज्यांच्याबरोबर भूमिगत राहिलो, एका ताटात जेवलो, तेच दुसऱ्या दिवसापासून गद्दार म्हणणार. छापखाना त्यांचा, कचेरी त्यांची, मॉस्कोची मान्यताही त्यांनाच. आपल्याजवळ फक्त आपले म्हणणे. पण ते म्हणणे गिरणीतल्या साध्या कामगारालाही एका वाक्यात समजत होते: लोक लढताहेत, आपण लोकांबरोबर.

पुढे ही मंडळी शेतकरी कामगार पक्षात गेली, तिथूनही निघाली, कामगार किसान पक्षात वावरली, आणि १९६५ मध्ये लाल निशाण पक्ष हे नाव लागले. विधानसभेत त्यांची ताकद कधीच मोठी नव्हती. पण साखर कामगार, शेती महामंडळाचे मजूर, नगरपालिकांचे सफाई कामगार यांच्यात त्यांनी आयुष्य घातले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांना संघटित करणाऱ्यांत ते पुढे होते. रोजगार हमीची योजना वि. स. पागे यांची, आणि तिच्यासाठी भांडणारे पक्ष पुष्कळ. एकट्या लाल निशाणला श्रेय देणे खोटे ठरेल. पण १९७७ चा कायदा झाला त्यामागे दुष्काळी कामांवरच्या मजुरांचे जे मोर्चे होते, त्यांत लाल बावट्याखालची ही माणसेही होती. २००५ मध्ये तोच विचार देशाच्या कायद्यात आला.

दत्ता देशमुखांविषयी तर मी तुला तासभर सांगू शकेन. संगमनेर भागातला हा माणूस धरणे आणि कालवे यांचा एवढा जाणकार की अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि देऊस्कर यांच्याबरोबर त्यांनी आठमाही पाणीवाटपाचा, म्हणजे कालव्याचे पाणी वर्षातले आठच महिने पण जास्त शेतांना देण्याचा, प्रश्न मांडला. बारमाही उसाला सगळे पाणी दिले तर कालव्याच्या शेपटाकडच्या ज्वारीवाल्याने काय करायचे, हा त्यांचा प्रश्न अजून तसाच उभा आहे. गट लहान असला की अभ्यास मोठा करावा लागतो.

१९८८ मध्ये पक्ष पुन्हा फुटला. एका गटाने नावापुढे कंसात 'लेनिनवादी' लावले, आणि २०१७ मध्ये तो भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी-लेनिनवादी) लिबरेशनमध्ये विलीन झाला. ही दुसरी फूट मला अजून बोचते. १९४२ ची मी कोणालाही समजावून देतो. १९८८ ची आमच्या खाणीवरच्या एकाही माणसाला एका वाक्यात सांगता आली नाही.

आता आपल्याकडचे. ज्या कम्युनिस्ट पक्षाने १९४२ मध्ये लोकांना सोडले, त्याच पक्षाचे सत्याग्रही १९५५ मध्ये गोव्याच्या सीमेवर आले. १५ ऑगस्टला पत्रादेवीला पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, पंजाबातून आलेला कर्नैलसिंग तिथेच पडला. स्मारकावर तुला लहानपणी नेले होते. दिवाकर काकोडकर, जॉर्ज वाझ यांच्यासारख्यांनी इथे मुक्तीसाठी आणि मग कामगारांसाठी जे केले, त्यावर माझी पिढी उभी राहिली. म्हणून सांगतो, बाहेर पडशील तरी मागे राहणाऱ्यांना शत्रू समजू नकोस. आज चुकलेला पक्ष तेरा वर्षांनी बरोबर जागी उभा असू शकतो.

आणि एक गोष्ट जपा. पक्ष फुटला तरी युनियन फोडू नका. आमच्या खाणीवर युनियनचे दोन तुकडे झाले तेव्हा पावतीपुस्तके दोन, गेट मीटिंगा दोन, मागणीपत्रेही दोन. मॅनेजमेंटने कमी मागणाऱ्याशी करार केला आणि वाढ सगळ्यांचीच गेली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा एकत्र बसून बोलायलाही आम्हांला जड गेले. तुम्ही ज्या कंत्राटी सफाई कामगारांत काम करता, त्यांना तुमच्या वादाची झळ बसता कामा नये. त्यांचे सभासद रजिस्टर आणि वर्गणीचा हिशेब दोन्ही गटांनी मिळून ठेवायचा, हे फुटायच्या आधी लेखी ठरवून घ्या.

बाहेर पडायचे कारण एका कागदावर लिही आणि तुमच्या वस्तीतल्या त्या झाडू कामगार मावशींना वाचून दाखव. त्यांना पटले तर जा, मी आणि आई तुझ्या पाठीशी आहोत. पटले नाही तर आत राहून भांड. मसुदा मलाही पाठव, मी खुणा करून परत धाडतो.

गणेश चवथीला येशीलच. गाडीचे तिकीट आताच काढ, मागाहून मिळत नाही.

तुझे
बाबा