‘समाधानकारक’ हवा आणि पहाटेचा नेब्युलायझर

मा. संपादक,
स. न.

गेल्या मंगळवारच्या अंकात हवेच्या गुणवत्ता निर्देशांकाच्या चौकटीत आमच्या उपनगरापुढे ‘92, समाधानकारक’ असे छापले होते. त्याच पहाटे अडीच वाजता मी दमा असलेल्या आठ वर्षांच्या नातवाला मांडीवर घेऊन नेब्युलायझरचा मास्क त्याच्या नाकाशी धरून बसले होते. श्वास घेताना त्याच्या गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता, बरगड्या एकेक मोजता येत होत्या. यात आपल्या वार्ताहराची चूक नाही, शब्द सरकारीच आहे. पण त्या शब्दाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे. वर्गात सांगायचे तेच इथे सांगते. खिडकीच्या कठड्यावर रोज ओल्या फडक्याला लागते ती बरीचशी जाड धूळ. ती नाकातल्या केसांत आणि चिकट स्रावात अडकते, श्वासनलिकेतले सूक्ष्म रोम तिला वर ढकलतात आणि आपण खाकरून मोकळे होतो. अडीच मायक्रॉनचा कण मात्र केसाच्या जाडीच्या जेमतेम तिसाव्या भागाइतका. तो आणि त्याहून बारीक कण श्वासाबरोबर पार वायुकोशांपर्यंत उतरतात. तिथे रोम नाहीत. तिथली झाडलोट मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी करतात. जंतू असला तर त्या गिळून पचवतात, पण डिझेलच्या काजळीचा कण पचत नाही. त्याच्या अंगाला लोह, तांबे असे धातू आणि अर्धवट जळलेल्या इंधनाची रसायने चिकटलेली असतात. त्यांच्यामुळे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात, पेशी होरपळते आणि इंटरल्यूकिनसारखी रसायने सोडून कुमक मागवते. रक्तातून पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांनी सोडलेल्या विकरांनी कणाचे काहीच बिघडत नाही, शेजारचे निरोगी अस्तर मात्र भाजून निघते. नळ्यांच्या भिंती सुजतात, कफ वाढतो, वाट अरुंद होते. हा दाह. मॅक्रोफेज मेली की तिच्या पोटातला कण पुन्हा बाहेर पडतो, दुसरी त्याला गिळते आणि सगळे पहिल्यापासून सुरू.

शेजारच्या काकू कळकळीने म्हणतात, “एवढ्याशा पोराला रोज पंप? सवय लागेल हो.” सवय लागत नाही. निळा पंप आवळलेली नळी तेवढ्यापुरती सैल करतो, रोजचा दुसरा पंप आतली सूज उतरवतो. खोकला नसतो त्या दिवशीही सूज असू शकते, म्हणून तो चुकवायचा नसतो. हे समजायला मलाही एक हिवाळा लागला, आणि त्या हिवाळ्यात मधूनमधून पंप बंद ठेवल्याचे आजही वाईट वाटते.

दाह छातीपुरता राहत नाही. त्यातली रसायने रक्तात उतरली की यकृत फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन जास्त बनवते, रक्त गोठायला सोपे जाते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील संशोधकांनी तर 2023 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की या कणांमुळे सुटणारे इंटरल्यूकिन-1 बीटा फुप्फुसातल्या आधीच बिघडलेल्या, पण निपचित पेशींना कर्करोगाकडे ढकलू शकते. आयुष्यात विडीला हात न लावलेल्यांना फुप्फुसाचा कर्करोग का होतो, याचे एक उत्तर इथे आहे.

आता शब्दाकडे येते. आपल्या निर्देशांकात बारीक कण घनमीटरमागे 31 ते 60 मायक्रोग्रॅम असले की हवा ‘समाधानकारक’ ठरते, 90 पर्यंत ‘मध्यम’. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासूनची चोवीस तासांची मर्यादा 15 आहे. त्या दिवशीचे 92 बारीक कणांमुळे असतील, तर हवेत सुमारे 55 मायक्रोग्रॅम होते, म्हणजे साडेतीन पटींहून जास्त. आणि ‘समाधानकारक’ या पायरीपुढे सरकारी तक्त्यातच लिहिले आहे, की संवेदनशील व्यक्तींना श्वसनाचा किरकोळ त्रास होऊ शकतो. ही ओळ वर्तमानपत्रापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय आकडा चोवीस तासांच्या सरासरीचा. हिवाळ्यात सकाळी जमिनीलगत कोंडलेली हवा त्यात विरघळून जाते, आणि मुले नेमकी तेव्हाच शाळेला निघतात.

मुंबईत ऑक्टोबर 2023 च्या नियमांनुसार 70 मीटरपेक्षा उंच इमारतींच्या बांधकामाभोवती 35 फुटी पत्रे लागले, पाण्याचे फवारेही सुरू झाले. त्यांची गरज आहेच. पण त्यांनी मुख्यतः जाड धूळ बसते. ट्रकचा धूर आणि कोपऱ्यावर पेटवलेला कचरा पत्र्याला जुमानत नाही.

माझी विनंती एवढीच आहे. हवेच्या चौकटीत विशेषणाआधी बारीक कणांचे मायक्रोग्रॅम छापावेत, शेजारी जागतिक संघटनेची 15 आणि आपली 60 या दोन्ही मर्यादा द्याव्यात, आणि शक्य झाल्यास सकाळी सहा ते नऊचा आकडा वेगळा द्यावा. नातवाच्या शाळेत कवायत पावणेसातला मैदानावर होते. तो आकडा छापून येऊ लागला, तर कात्रण घेऊन मी मुख्याध्यापकांना भेटेन आणि हिवाळ्यापुरती कवायत दुपारी घ्या म्हणून सांगेन.

– एक आजी, घाटकोपर (पूर्व)