इथली माणसं बेट सोडून का जात नाहीत

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर आई तू परत तेच विचारलंस, एवढं सगळं गेलंय तर ती माणसं दुसरीकडे का निघून जात नाहीत, आणि तू तरी तिकडे कशाला थांबलीयस. मग रेंज गेली आणि राहूनच गेलं. ते फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाहीच, म्हणून सावकाश लिहितेय.

1 जुलै 2024 ला बेरिल चक्रीवादळ कॅरिआकूवर, म्हणजे कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा देशाच्या ह्या छोट्या बेटावर, आलं तेव्हा वारा ताशी 240 किलोमीटरचा होता. पाचपैकी कॅटेगरी 4. असली मोठी वादळं इथे ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, पण यंदा समुद्र जूनमध्येच सप्टेंबरसारखा तापलेला होता, आणि इथून पुढे गेल्यावर त्याच रात्री ते कॅटेगरी 5 झालं, अटलांटिकमध्ये इतक्या लवकर तसं झाल्याची नोंदच नाही. पंतप्रधान डिकन मिचेल म्हणाले की अर्ध्या तासात कॅरिआकू सपाट झालं. मी तेव्हा मेन आयलंडवर सेंट जॉर्जेसला होते म्हणून वाचले असं तू म्हणतेस ते खरंय आई, पण नंतर इथे बोटीतून उतरले तेव्हा डोंगरच्या डोंगर तपकिरी दिसले, आग लागून गेल्यासारखे, कारण झाडांवर एक पान शिल्लक नव्हतं. टायरल बेमधे लोकांनी बोटी वाचतील म्हणून खारफुटीत नेऊन बांधल्या होत्या, त्या एकमेकींवर चढून तिथेच फुटल्या. नव्वद टक्क्यांच्या वर घरांना मार बसलाय, बेटावरचं एकुलतं हॉस्पिटलही सुटलं नाही.

आता मी काय करतेय ते. कॅरिआकूवर नदी नाही. एकसुद्धा नाही. बहुतेक घरं पावसाच्या पाण्यावर जगतात, छपरावरचं पाणी पन्हळीतून घराच्या बुडाशी बांधलेल्या सिमेंटच्या टाकीत जातं आणि तेच वर्षभर प्यायचं, तेच धुवायचं. म्हणजे छप्पर उडालं की नुसता आसरा गेला नाही, पाणीपण गेलं. हे मला कागदावर माहीत होतं, पण विंडवर्ड गावात एका म्हाताऱ्या बाईंची टाकी उघडली तेव्हा खरं समजलं. सगळे त्यांना टँटी म्हणतात, मीपण. आत पत्र्याचे तुकडे, कुजलेली पानं, एक मेलेला सरडा आणि वर खारट पाणी, कारण वाऱ्याने समुद्र उचलून घरांवर टाकला होता. आम्ही बादल्यांनी पाणी उपसलं, भिंती घासल्या, ब्लीच मारलं, मग टँकरचं थोडं पाणी भरून क्लोरीनची पट्टी बुडवून बघितली. टँटी तोपर्यंत बाजूला खुर्चीवर बसून होत्या आणि एकच विचारत होत्या, पत्रे कधी येणार. टाकी स्वच्छ झाली तरी पाणी पडायला वर काहीतरी पाहिजे ना.

आणि बाबा, घाई ह्याचीच आहे. इथे पाऊस साधारण डिसेंबरपर्यंत, मग मे संपेपर्यंत कोरडं. ताडपत्रीवरून नीट पाणी गोळा होत नाही. जे छप्पर आत्ता बसेल तेच पाणी साठवेल, बाकीच्यांना सहा महिने टँकर. पत्रे, लाकूड, स्क्रू सगळं बोटीने येतं आणि सुतार कमी पडतात. 2020 च्या निसर्ग वादळानंतर आपल्याकडे कौलं-पत्र्यांसाठी काय झालं होतं ते तुम्हाला सांगायला नको, 3 जूनला वादळ झालं आणि आपल्या पडवीवर पत्रा चढेपर्यंत अर्धा पावसाळा गेला होता, त्यात लॉकडाऊन.

तेव्हा मामा तुम्हाला म्हणाला होता, दिवेआगर सोडा, पनवेलला फ्लॅट घ्या. बाबा तुम्ही काहीच बोलला नाहीत, दुसऱ्या दिवशी आडव्या पडलेल्या पोफळी तोडायला गेलात आणि नवीन रोपं लावलीत, पाच-सहा वर्षं फळ नाही हे माहीत असून. आई, इथल्या लोकांना मी तुझा प्रश्न विचारायची गरजच पडली नाही.

इथेपण तूर पिकते, माहितीये? मका आणि तूर, पहिल्या पावसावर पेरतात आणि डिसेंबर-जानेवारीत ओले दाणे खातात. पेरणी नुकतीच झाली आणि बेरिल आलं. टँटींच्या शेजाऱ्याचं घर नाहीये, तंबूत राहतो, पण त्याने तूर परत पेरली, उशिरा का होईना, आता कमरेएवढी झालीय. नीरफणसाची झाडं मात्र खूप पडली, ते भरून यायला वेळ लागेल.

विंडवर्डचे लोक पिढ्यान् पिढ्या लाकडी जहाजं बांधतात, किनाऱ्यावर, उघड्यावर, आणि पाण्यात सोडायच्या दिवशी अख्खा गाव दोर ओढायला येतो. मागच्याच वर्षी युनेस्कोने त्या कलेला यादीत घेतलं. तेच हात आता वासे बसवतायत. चौपाखी छप्पर, पाखं बेताची बाहेर, खिळ्यांऐवजी स्क्रू, आणि वासा भिंतीला लोखंडी पट्टीने जखडलेला. मी ड्रॉइंग घेऊन जाते, ते बघतात आणि बऱ्याचदा माझ्यापेक्षा चांगला जोड सुचवतात. मला हे काम मनापासून आवडतंय आई.

बाबा, तुम्ही बँकेत होता म्हणून मुद्दाम सांगते. 2004 च्या आयव्हन वादळानंतर ग्रेनाडा कर्जात बुडाला होता, म्हणून पुढे कर्जाची फेररचना करताना त्यांनी करारातच कलम घालून घेतलं की मोठं हरिकेन आलं तर हप्ते काही काळ थांबतील. यंदा ते कलम त्यांनी वापरलं, असं करणारा हा पहिला देश. विम्याचे साधारण 4.4 कोटी डॉलर पण लगेच मिळाले. पण पुरणारे नाहीत, आणि मला राग येतो तो ह्याचा, की ह्या लोकांनी समुद्र तापवला नाही. युनोचे हवामानाचं बघणारे सायमन स्टील मूळचे इथलेच, त्यांच्या आजीचं घरही गेलं, शेजाऱ्यांच्या पडक्या घरातून ते जगाला सांगत होते.

तर, मी एक वर्ष वाढवून घेतलंय. दोघांनाही न विचारता घेतलं हे आईला लागेल, पण पुढच्या जूनचा पाऊस यायच्या आत जितक्या टाक्यांवर छप्पर चढेल तितकी चढवायचीयत आणि ते मधेच टाकून मला येववणार नाही. मे महिन्यात तीन आठवडे येतेय, तिकीट काढलंय. बाबा, गुडघ्याचं डॉक्टरांना दाखवा, मी यायची वाट बघू नका, आणि माडावर चढायला माणूस बोलवा. फोन रविवारी संध्याकाळी साडेसहाला करा, तेव्हा इथे सकाळचे नऊ असतात आणि मी हिल्सबरोला असते, तिथे रेंज मिळते.

तुमची,
मनू