तक्रार प्लॅनची, दोष राउटरच्या जागेचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘नेट स्लो आहे’ ही तक्रार हल्ली ‘पाणी कमी दाबाने येते’ या तक्रारीइतकीच घरोघरी ऐकू येते, आणि तिच्यावरचा उपाय म्हणून पुष्कळ कुटुंबे दरमहा जास्त पैसे मोजून वरचा प्लॅन घेतात. मी भौतिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे. गेल्या वर्षभरात आमच्या सोसायटीतील अनेक घरांत जाऊन ही अडचण पाहिल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, यातील बराच पैसा वाया जातो. इंटरनेट आणि वाय-फाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या कुटुंबांना कोणी सांगितलेलेच नसते.

इंटरनेट फायबरच्या तारेतून आपल्या दारापर्यंत येते. तिथून मोबाइलपर्यंतचे शेवटचे पाच-दहा मीटर राउटरमधून निघणाऱ्या रेडिओलहरी पार करतात, आणि वाय-फाय म्हणतात ते एवढ्याच टप्प्याला. प्लॅनमध्ये विकला जातो तो वेग तारेचा असतो; तो खोलीपर्यंत पोहोचतो की नाही, हे राउटर कुठे बसवला आहे यावर फार अवलंबून असते.

आमच्या मजल्यावर राहणारी बारावीची एक मुलगी ऑनलाइन सराव परीक्षा द्यायला स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसत असे, कारण तिच्या खोलीत प्रश्नांचे पानच उघडत नसे. प्लॅन 100 मेगाबिटचा होता. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडला तेव्हा वेग 94 दिसला. तिच्या खोलीत वाय-फायवर तो 6 च्या पुढे सरकेना. तार जिथून घरात आली होती तिथेच, टीव्हीच्या मागे, जोडणी करणाऱ्या मुलाने खिळा ठोकून राउटर अडकवला होता. तिथून त्या खोलीपर्यंतच्या सरळ रेषेत एक लोखंडी कपाट, काँक्रीटचा खांब आणि विटांच्या दोन भिंती येत होत्या. फायबरची पेटी जागेवरच ठेवून आम्ही पंधरा मीटर केबल टाकली आणि राउटर पॅसेजमधल्या माळ्याच्या कडेला, साधारण घराच्या मध्यावर, नेला. खोलीतला वेग 40 च्या वर गेला. प्लॅन तोच राहिला, आणि तोपर्यंत वरच्या प्लॅनसाठी भरलेले चार महिन्यांचे जादा पैसे आपण उगाच भरले, याची हळहळ तिच्या आईने माझ्याजवळ बोलून दाखवली.

यात जादू काही नाही. वाय-फाय मुख्यतः 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालते. पहिल्यातील लहरींची लांबी सुमारे 12.5 सेंटिमीटर, तर दुसऱ्यातील लहरींची सुमारे 6 सेंटिमीटर असते. धातूवरून या लहरी परत फिरतात आणि पाण्यात शोषल्या जातात. म्हणून लोखंडी कपाट, मोठा आरसा, सळयांचा स्लॅब, माशांची काचपेटी किंवा पावसाळ्यात ओल धरलेली जाड भिंत आड आली की वेग घसरतो. 5 गिगाहर्ट्झचा वेग जास्त असतो, पण भिंतींपुढे तो लवकर हतबल होतो. राउटरच्या काड्या मोबाइलच्या दिशेने वाकवणारे लोक मी पाहिले आहेत. वास्तविक अशी काडी आपल्या टोकाच्या दिशेने सर्वांत कमी आणि बाजूंना सर्वांत जास्त लहरी पसरवते, त्यामुळे एकाच मजल्यावरील घरात ती उभी ठेवणेच योग्य.

दुसरी अडचण गर्दीची आहे. आपल्या देशात 2.4 गिगाहर्ट्झची पट्टी 2005 मध्ये परवानामुक्त झाली, म्हणूनच कोणालाही वाय-फाय लावता येते. पण त्याचाच अर्थ असा की ती सर्वांच्या सामाईक मालकीची आहे. तिच्यात 13 चॅनेल, म्हणजे पट्टीचे छोटे भाग, असले तरी ते एकमेकांवर चढलेले असतात आणि 1, 6 व 11 हे तीनच एकमेकांना धक्का न लावता चालतात. एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते, बाकीच्यांनी थांबून ऐकायचे असते. सार्वजनिक नळावरच्या हंड्यांच्या रांगेसारखाच हा प्रकार आहे, आणि रांगेत अरुंद तोंडाची एखादी कळशी असली की सगळ्यांचाच खोळंबा होतो. कोपऱ्यातल्या खोलीत कसाबसा सिग्नल पकडणारा जुना मोबाइल अशीच कळशी असतो. 5 गिगाहर्ट्झची मोठी पट्टी 2018 मध्ये खुली झाली. तिच्यात चॅनेल अधिक आणि गर्दी कमी असल्याने राउटर त्याच खोलीत असेल तर तीच निवडावी. टीव्हीसारखी एका जागी राहणारी वस्तू तर केबलनेच जोडावी. ती वाय-फायच्या रांगेतून कायमची बाहेर पडते.

दुकानदार अनेकदा अशा ग्राहकाच्या हाती रिपीटर देतात. साधा स्वस्त रिपीटर ऐकलेली प्रत्येक गोष्ट त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो, आणि तो सिग्नल नसलेल्या खोलीतच लावला तर त्याला पुढे पाठवायला काही मिळतच नाही. आकड्यांचाही एक घोळ आहे. प्लॅनमधील 100 हे मेगाबिट असतात, तर डाउनलोडच्या खिडकीत बहुधा मेगाबाइट दिसतात. आठ बिटांचा एक बाइट असल्याने तिथे 12.5 दिसले तर फसवणूक झालेली नसते. पासवर्डबद्दल एवढेच सांगतो की, घरमालकाचा मोबाइल नंबर हाच पासवर्ड ठेवण्याची पद्धत तातडीने बंद व्हायला हवी. राउटरच्या सेटिंगमधील सुरक्षेच्या पर्यायांत डब्ल्यूपीए-2 ही माहिती सांकेतिक करून पाठवणारी पद्धत किंवा शक्य असल्यास डब्ल्यूपीए-3 निवडावे.

हे सर्व ग्राहकाने स्वतः शिकून घ्यावे, अशी अपेक्षा करणे मला योग्य वाटत नाही. जोडणी देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या माणसाला किमान अर्धा तास द्यावा. त्याने एकदा केबलवर आणि एकदा घरातील सर्वांत लांबच्या खोलीत वेग मोजून दोन्ही आकडे जोडणीच्या कागदावर लिहावेत आणि मगच ग्राहकाची सही घ्यावी. बांधकाम व्यावसायिकांना माझी विनंती आहे की, विजेच्या तारांसाठी भिंतीत पाइप टाकतानाच दारापासून घराच्या मध्यापर्यंत एक वेगळा रिकामा पाइप टाकावा आणि तिथे एक प्लग पॉइंट द्यावा. स्लॅब पडण्यापूर्वी हे काम अगदी थोड्या खर्चात होते. नंतर मात्र भिंत फोडावी लागते किंवा आमच्यासारखी चौकटींवरून केबल फिरवावी लागते.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, ठाणे