सहा कोरी पानं : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : टाचण वहीतील सहा कोऱ्या पानांबाबत.

महोदय,

स. न. वि. वि. मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पदवीधर शिक्षिका आहे. सहावी ते आठवीला मराठी आणि सामाजिक शास्त्रे शिकवते, म्हणजे इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल, सगळंच. आपला वेळ मोलाचा आहे, त्यामुळे थोडक्यात लिहायचं ठरवून बसले आहे.

गेल्या गुरुवारी शाळेत तपासणी झाली. आलेले वरिष्ठ एकूण पंचवीस मिनिटं होते, चहा धरून. माझी टाचण वही मागितली, पानं चाळली, त्यात सहा पानं कोरी सापडली. मी त्या वेळी आठवीला शिकवत होते. ते ऐकायला कुणी आत आलं नाही. सोमवारी कारणे दाखवा नोटीस हातात पडली : अध्यापनकार्यात हेतुपुरस्सर हलगर्जीपणा. तीन दिवसांत खुलासा करा, नाहीतर वेतनवाढ रोखू.

ती सहा पानं ज्या सहा दिवसांची आहेत, त्या दिवसांत मी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून मतदारयादी घेऊन दारोदार फिरत होते. लेखी आदेशानं. आदेशाची प्रत पर्समध्ये होती, ती मी पुढे केली. उत्तर मिळालं की तो आदेश दुसऱ्या कार्यालयाचा आहे. बरोबर आहे. कार्यालयं दोन आहेत, मी एकच आहे, हे अजून दोघांच्याही लक्षात आलेलं नाही.

हे पत्र इतरही वाचतील, म्हणून टाचण म्हणजे काय ते सांगते. उद्या कुठल्या तासिकेला काय शिकवणार, अध्ययन निष्पत्ती कोणती, साहित्य काय, मुलं काय करणार, त्यांना समजलं हे कसं पाहणार, हे आदल्या दिवशी रकान्यांत लिहून मुख्याध्यापकांची सही घ्यायची. कल्पना चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण तालुक्याच्या दुकानात तयार टाचण विकत मिळतं आणि मोबाइलवर त्याची पीडीएफ फुकट फिरते. माझ्या ओळखीच्या एका गुरुजींच्या वहीत पावसामुळे शाळेला सुट्टी होती त्या दिवशीही पाच पाठ झालेले आहेत. शेरा आहे : ‘पाहिले, समाधानकारक.’

आता माझं नियोजन कसं असतं ते ऐका. सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासन संस्थांचा पाठ आहे. तो मी मराठीच्या तासिकेला जोडला. आधी मुलांना ग्रामपंचायतीच्या फलकापाशी नेलं आणि तिथली ग्रामसभेची नोटीस वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली. वर्गात ती फोडायला बसलो. सदरहू, उपरोक्त, इतिवृत्त, गणपूर्ती. एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, हे सदरहू कोण आहेत? सगळीकडे त्यांचंच नाव आहे.’ मग ती नोटीस प्रत्येकानं आपल्या आजीला कळेल अशी लिहायची. तांड्यावरच्या मुलांनी ती त्यांच्या बंजारा बोलीत, गोरमाटीत, सांगितली आणि वर्गातल्या बाकीच्यांनी मराठीत आणली. त्यानंतर सरपंचांना विचारायचे प्रश्न, मुलाखत, तिची बातमी, आणि शेवटी शाळेच्या नळाबद्दल औपचारिक पत्र, मायन्यासकट. एका पाठात दोन विषय आणि आठ तासिका. तयारीला माझे दोन रविवार गेले.

त्या पाठात एक प्रश्न आला, तो कुठल्याही पीडीएफमध्ये नव्हता. गावातले सगळे मतदार म्हणजे ग्रामसभा, आणि २६ जानेवारीला ग्रामसभा असते, इथपर्यंत आलो होतो. एका पोरानं हात वर केला : ‘आमचे आई-बाप तेव्हा उसाला असतात. मग त्यांच्या वाटचं कोण बोलतं?’

महोदय, दिवाळी झाली की आमचा पट पातळ होतो. मुकादमाकडून ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, ट्रॅक्टर येतो आणि सातवीतल्या ३१ पैकी १४ मुलं कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे निघून जातात. तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आम्ही देतो. ते संदुकीच्या तळाशी जाऊन मार्चअखेर तसंच परत येतं. मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाची मंजुरी आमच्याकडे पोचते तेव्हा टोळ्या उसाच्या फडात उतरलेल्या असतात. म्हणजे प्रत्येक पाठ मला दोनदा आखावा लागतो, नोव्हेंबरात उरलेल्या १७ जणांसाठी आणि एप्रिल लागताना परतलेल्या १४ जणांसाठी. आणि परीक्षा? राज्यभर एकच वेळापत्रक. २०२५ साली ती ८ एप्रिलला सुरू झाली. ऊस कधी संपतो हे वेळापत्रक करणाऱ्यांना कुणी सांगितलं नसावं. साखर खातात, तेवढं पुरेसं आहे.

सातवीच्या भूगोलात मानवी वस्ती आहे : केंद्रित, विखुरलेली, रेषाकृती. फडावरच्या झोपड्यांतून, म्हणजे कोप्यांतून, आलेला मुलगा विचारतो, आमच्या कोप्या यातल्या कशात बसतात? नागरिकशास्त्रात शोषणाविरुद्धचा हक्क येतो, वेठबिगारीचा अर्थ सांगावा लागतो. मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘उचल फिटेपर्यंत जावंच लागतं, मग ती वेठबिगारी धरायची का?’ याचं उत्तर मी कुठल्या रकान्यात लिहू? असे प्रश्न येणार हे ओळखून वर्गात जाणं म्हणजे नियोजन. त्याला वेळ लागतो, डोकं शांत लागतं.

आणि हा वेळ मी भीक म्हणून मागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान ४५ तास आहेत, ‘तयारीचे तास धरून’. म्हणजे तयारी हे काम आहे असं संसद २००९ मध्ये म्हणाली. सहावी ते आठवीला वर्षाला २२० दिवस आणि १,००० तास शिकवायचे. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसरं काम देता येत नाही. निवडणुकीचं काम देता येतं, मान्य. मी केलं. पण त्याच दिवसांचं टाचण कुठल्या कलमाखाली मागता?

अशैक्षणिक कामांतून शिक्षकांची सुटका करू, हे किती मंत्र्यांच्या तोंडून ऐकलं याची गणती मी सोडून दिली आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शैक्षणिक कोणतं आणि अशैक्षणिक कोणतं हे सांगणारा शासन निर्णयही निघाला. त्याच वर्षी जानेवारीत आम्ही मराठा समाजाच्या सर्वेक्षणासाठी मोबाइल घेऊन घरोघर बसलो होतो. त्याआधी निरक्षर शोधले. आता अपार आयडी (मुलांचा ओळख क्रमांक), आधार जुळवणी, यू-डायस (शाळेच्या माहितीची ऑनलाइन नोंद), पोषण आहाराची रोजची नोंद, वृक्षाबरोबर सेल्फी, सेल्फीबरोबर लिंक. जूनपासून माझ्या मोबाइलवर आलेली परिपत्रकं आणि तातडीचे निरोप मी मोजले : १४३. त्यातले शिकवण्याबद्दलचे ९. पाच-दहा इकडेतिकडे होतील, कारण मेमरी भरली म्हणून काही पुसले. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, ११ शाळा आणि ३४ शिक्षक. प्रत्येकाचा रोज दीड तास ऑनलाइन माहितीत जातो असं धरलं तर दिवसाला ५१ तास. दीड तास हा माझा अंदाज आहे. एक सहकारी दोन म्हणतात. दुसरे म्हणतात की ते सगळं बायकोकडून भरून घेतात, त्यामुळे त्यांचा शून्य धरावा. राज्याचा गुणाकार आपल्या कार्यालयानं करावा. तिथे संगणक आहेत, आणि वीज जात नसावी.

कोऱ्या पानांचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. २०२३ मध्ये आपल्याच विभागानं पाठ्यपुस्तकांचे चार भाग केले आणि पाठांमागे वहीची कोरी पानं छापली. दप्तराचं ओझं कमी होईल म्हणाले. मुलं त्या पानांवर काय लिहायचं ते विचारत राहिली, आणि भाग बदलला की मागचा पाठ घरी राहायचा. २०२५-२६ पासून ती पानं गेली. लाखो पुस्तकांतली कोरी पानं ही योजना होती. माझ्या वहीतली सहा कोरी पानं हा हलगर्जीपणा आहे. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचंही तसंच. १६ एप्रिल २०२५ ला हिंदी अनिवार्य, १७ जूनला ‘सर्वसाधारणपणे’, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे. टाचणात आम्ही एवढी खाडाखोड केली असती तर तांबड्या शाईचा शेरा मिळाला असता.

सामाजिक शास्त्रांना तर कुणी वालीच नाही. नियतकालिक चाचणी भाषा, गणित आणि इंग्रजीची. त्यामुळे चाचणी जवळ आली की इतिहास-भूगोलाच्या तासिका सरावाला जातात. पत्रकात जो विषय नाही तो वर्गात कशाला, असा सरळ हिशेब आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली, आम्ही मुलांकडून फलक रंगवून घेतले. त्याच मराठीतलं शासनाचं एक परिपत्रक आठवीच्या मुलांना वाचून समजत नाही. माझं शिकवणं कमी पडतंय की परिपत्रकाची भाषा, याची चौकशी लावाच एकदा.

थोडं माझं सांगते. सांगणार नव्हते. २००९ साली ३,००० रुपयांवर शिक्षणसेवक म्हणून लागले. १ नोव्हेंबर २००५ नंतरची म्हणून जुनी पेन्शन नाही. पदवीधर म्हणून काम करते, पदवीधरची वेतनश्रेणी सगळ्यांना नाही, मलाही नाही. नवरा दुसऱ्या जिल्ह्यात. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं आता दोन वर्षांत टीईटीही, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही, द्यायची. न्यायालयापुढे मी काय बोलणार? पण सोळा वर्षं सामाजिक शास्त्रं शिकवून आता त्याच विषयाच्या ६० गुणांसाठी रात्री गाईड उघडायचं, आणि शेजारी टाचण वही. डॉक्टर म्हणाले, घशाला महिनाभर विश्रांती द्या. मी हसले, तर खोकलाच आला. माझी मुलगीही आठवीत आहे. तिची मराठीची वही मी दिवाळीपासून उघडलेली नाही. परवा तिनं ताट वाढून आणलं आणि म्हणाली, ‘तू लिंक भर, मी भरवते.’ तिला गंमत वाटली. मला त्या रात्री झोप लागली नाही.

कधीकधी वाटतं, हे सगळं गोंधळ म्हणून होत नसेल. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, निर्णयानुसार सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षक मंजूर शून्य. शून्य शिक्षकांना टाचणाची गरज नाही, त्यांना नोटीसही काढावी लागत नाही. किती सोय! शाळेत शिकवणं होत नाही असं आधी करायचं, मग शाळेत शिकवत नाहीत म्हणून पालकांनी पिवळ्या बसच्या इंग्रजी शाळेकडे जायचं, मग पट नाही म्हणून शाळा गुंडाळायची. पिवळी बस तांड्यावर जात नाही, हे जाता जाता सांगते. आपल्या मंत्रिमंडळातल्या किती जणांची मुलं-नातवंडं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, तेही एखाद्या लिंकवर भरून घ्या. रकाना एकच लागेल.

मागण्या लिहायच्या होत्या, त्या राहतच गेल्या. दुसऱ्या कामावर पाठवलं त्या दिवसांचं टाचण मागू नका. आठवड्यातला अर्धा दिवस तयारीला द्या, कायद्यानं तयारीचे तास कामात धरलेलेच आहेत. आणि तपासणीला येणाऱ्यांनी एक पूर्ण तासिका मागच्या बाकावर बसावं. बाक थोडा हलतो.

खुलाशाची मुदत उद्या संपते. तो तीन प्रतींत तयार आहे. शुक्रवारी सहावीला ‘जिल्हा प्रशासन’ हा पाठ आहे. जिल्हाधिकारी निवडणुकीचंही काम पाहतात हे त्यात येईल. मुलांनी आधीच प्रश्न काढून ठेवलेत. पहिला असा : ‘कलेक्टर साहेबांनी मॅडमला यादीच्या कामाला नेलं तर आम्हाला कोण शिकवणार?’ टाचणात त्याच्यापुढे उत्तराची जागा मी मोकळी ठेवली आहे. वरिष्ठ पुन्हा आले तर तेवढी भरून जावी.

आपली विश्वासू,
एक पदवीधर शिक्षिका,
जिल्हा परिषद शाळा, बीड जिल्हा