गाडी वाचवायला गेलो हीच चूक ठरली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदा, म्हणजे २०२५ ला, पाऊस मे महिन्यातच येऊन धडकला, बारामती-इंदापूरकडचे पाण्याचे फोटो बघितले आणि पोटात गोळाच आला, म्हणून हे पत्र लिहायला बसले. आमचं जे व्हायचं ते गेल्या वर्षी होऊन गेलं, पण ज्यांच्या गाड्या आज पार्किंगमध्ये कोरड्या उभ्या आहेत त्यांना पाण्यात चावी फिरवली की इंजिनाच्या विम्याचे पैसे कापले जातात ही गोष्ट वेळेत कळावी असं फार वाटतं, आम्हाला ती कळली तेव्हा उशीर झाला होता.

आम्ही सिंहगड रोडला नदीच्या बाजूला राहतो. २५ जुलै २०२४ ची पहाट एकतानगरी, निंबजनगर, विठ्ठलनगर भागातलं कोणीच विसरणार नाही. खडकवासला धरणातून विसर्ग वाढत वाढत ३५ हजार क्युसेकच्या आसपास गेला होता आणि आम्ही गाढ झोपेत. पहाटे साडेतीन-पावणेचारला वॉचमनदादा प्रत्येक मजल्यावर बेल वाजवत, दारं ठोकत वर आले, "पाणी आत आलंय, गाड्या काढा" एवढंच ओरडत होते. माझे मिस्टर चप्पल न घालताच खाली पळाले. सासूबाई मात्र पहिल्यांदा कपाटातली कागदपत्रांची पत्र्याची पेटी घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि शनिवार पेठेतलं त्यांचं घर पाण्यात गेलं होतं, त्यामुळे पुराच्या वेळी आधी काय उचलायचं हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही.

खाली पाणी तेव्हा घोट्याच्या वर होतं. मिस्टरांनी गाडी स्टार्ट केली, ती झाली, आणि चढावरून रस्त्याच्या वरच्या अंगाला नेऊन लावू म्हणून गेटकडे वळवली. गेटपाशी जमीन सखल आहे हे रोजचं माहीत असलेलं त्या अंधारात लक्षात आलं नाही, पाणी बॉनेटवर आलं आणि गाडी बंद पडली. मग माणूस काय करतो? पुन्हा चावी फिरवतो. त्यांनीही दोनदा फिरवली, आतून ठक्क असा आवाज आला आणि नंतर काहीच नाही. दार कसंबसं उघडून ते कमरेएवढ्या पाण्यातून जिन्यापर्यंत आले, मी वरून बॅटरी धरून उभी होते, त्या दोन मिनिटांत मला गाडीचं काहीही वाटत नव्हतं, हे तेवढे परत येऊ देत एवढंच मनात होतं. सकाळी बघितलं तर गाडी छतापर्यंत बुडालेली. नंतर लष्कराचे आणि एनडीआरएफचे लोक बोटी घेऊन आले, लोकांना बाहेर काढलं, ते सगळं पेपरात आलंय.

आता क्लेमचं. गाडी डिसेंबर २०१९ ची, पेट्रोल, पॉलिसी फुल. आम्ही "फुल इन्शुरन्स आहे" असंच म्हणायचो आणि त्यावर निर्धास्त होतो. थर्ड पार्टी म्हणजे कायद्याने सक्तीची असते ती, त्यात आपल्या गाडीच्या नुकसानाचा एक रुपयाही मिळत नाही, पण आमची कॉम्प्रिहेन्सिव्ह होती आणि त्यात पूर, वादळ, गारपीट सगळं छापलेलं होतं. म्हणून त्याच दिवशी सकाळी ११ ला कंपनीच्या नंबरवर कळवलं, क्लेम नंबर घेतला, पाणी ओसरायच्या आत आणि ओसरल्यावर असे फोटो काढून ठेवले, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट. क्रेन मिळेना. त्या दोन दिवसांत सिंहगड रोडवर एवढ्या गाड्या उचलायच्या होत्या की क्रेनवाले फोनच घेत नव्हते. २७ तारखेला एक मिळाली, त्याने ४,५०० रुपये घेतले, पॉलिसीत टोइंगचे मिळतात १,५०० रुपये, वरचे आपले.

वर्कशॉपमध्ये आमच्यासारख्या चिखलाने भरलेल्या गाड्यांची रांग लागली होती, वास असा की उभं राहवत नव्हतं. एस्टिमेट आलं २ लाख ८६ हजार. त्यातले इंजिनाचे १ लाख २४ हजार, बाकी वायरिंग हार्नेस, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सीटा, कार्पेट, दारातल्या मोटरी, एअरबॅगचं युनिट असं सगळं. आमची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, ४ लाख १० हजार. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात, आमच्या बाबतीत तो आकडा येतो ३ लाख साडेसात हजार, म्हणजे आम्ही थोडक्यात खाली राहिलो. टोटल लॉस झाला असता तर निदान एकरकमी पैसे घेऊन मोकळे झालो असतो.

नुकसान तपासणारे सर्व्हेअर १ ऑगस्टला आले. माणूस चांगला होता, त्यांच्याकडेही त्या आठवड्यात कामाचा डोंगर होता हे दिसतच होतं. त्यांनी एअर फिल्टर बघितला, डिपस्टिक काढून ऑइल बघितलं, ते दुधासारखं पांढरट झालेलं, आणि शांतपणे विचारलं, "पाण्यात गाडी स्टार्ट केली होती का?" माझ्या मिस्टरांनी खरं ते सांगितलं, हो केली होती, वाचवायला. त्या एका "हो" वर १ लाख २४ हजार रुपये कापले गेले. इंजिन उघडल्यावर कनेक्टिंग रॉड वाकलेला निघाला, म्हणजे त्यांनी नाही म्हटलं असतं तरी ते कळलंच असतं, आणि नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

हे का होतं ते मला नंतर कळलं, ते इथे नीट सांगते. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. गाडी चालू असताना हवेच्या वाटेने पाणी आत गेलं की पिस्टन त्यावर आपटतो आणि रॉड वाकतो, याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. कंपनीचं म्हणणं असं की हे नुकसान पुराने झालं नाही, पुरात गाडी चालू केल्याने झालं, त्यांच्या भाषेत कॉन्सिक्वेन्शियल लॉस, आणि त्याला साध्या पॉलिसीत पैसे नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं अ‍ॅड-ऑन, म्हणजे वेगळे पैसे भरून घ्यायचं जादा संरक्षण, लागतं. आमच्या गाडीला ते वर्षाला साधारण अकराशे रुपयांत मिळालं असतं. डिसेंबर २०२३ मध्ये रिन्यू करताना फोनवरच्या मुलीने "मॅडम हे काढलं तर प्रीमियम कमी होईल" एवढंच सांगितलं होतं आणि मी हो म्हटलं. नदीकाठचा पिन कोड समोर दिसत असताना ते काढून टाकायला सुचवलं, याचा मला अजून राग येतो.

राहिलेल्या १ लाख ६२ हजारांतूनही डिप्रिसिएशन, म्हणजे पार्ट जुने झाल्याची घट, गेलं. ही घट न कापण्याचं झिरो डेप अ‍ॅड-ऑन नव्हतं. चार ते पाच वर्षांच्या गाडीला लोखंडी पार्टवर ३५ टक्के कापतात, प्लॅस्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग यांवर सरळ ५० टक्के. पुरात नेमकं हेच सामान सगळ्यात जास्त जातं. सगळं होऊन हातात पडणार होते ८८ हजार, वर क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारा ४५ टक्क्यांचा नो क्लेम बोनसही गेला.

आता ज्यासाठी पत्र लिहितेय ते सांगते. आमच्या शेजारचे काका त्या रात्री मुलीकडे बाणेरला होते. त्यांची गाडी आमच्याच शेजारी, त्याच पाण्यात, तेवढीच बुडाली. तिला कोणी हात लावला नाही. वर्कशॉपने बॅटरी काढली, इंजिनातलं पाणी काढलं, ऑइल बदललं, फ्लश केलं, इंजिन शाबूत. त्यांचा क्लेम व्यवस्थित पास झाला आणि मला त्याचा आनंदच आहे. पण दोन्ही पॉलिसी आम्ही शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर दोन्हीत एक अट आहे, की विमाधारकाने गाडीचं नुकसान होऊ नये म्हणून योग्य ती सगळी काळजी घ्यायची. मग पहाटे चारला, वरून पाणी येतंय, वॉचमन गाड्या काढा म्हणून ओरडतोय, अशा वेळी गाडी उंचावर न्यायला जाणं ही काळजी नाही तर काय आहे? सुरुवातीला चालू केली तेव्हा पाणी घोट्याला होतं, ती निष्काळजीपणाने पाण्यात घातलेली नव्हती. कंपनीचीच अट पाळायला गेलेल्या माणसाचे पैसे कापायचे हे मला पटत नाही, आजही नाही.

हेच मी तक्रारीत लिहिलं. पहिल्यांदा कंपनीच्या तक्रार विभागाला, सर्व्हे रिपोर्टची कॉपी मागून घेऊन (ती मागितली की द्यावी लागते, कित्येकांना हे माहीतच नसतं). नकाराचं पत्र इंग्रजीत दीड पानाचं आलं. मग विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्यातल्या विमा लोकपालांच्या ऑफिसकडे अर्ज केला. त्याला फी नाही, वकील लागत नाही, कंपनीचा नकार आला किंवा एक महिना उत्तरच नाही आलं की करता येतो, पण वर्षाच्या आत. आमची सुनावणी व्हिडिओवर झाली. मी वॉचमनदादांचं लेखी म्हणणं, पहाटेच्या फोटोंवरच्या वेळा, गेटचा उतार दाखवणारा फोटो असं सगळं जोडलं होतं. शेवटी लोकपालांनी कंपनीला इंजिनापोटी ५५ हजार द्यायला सांगितलं, ते मार्चमध्ये जमा झाले. पूर्ण नाही मिळाले, पण ज्यांना नकाराचं पत्र आलंय त्यांनी गप्प बसू नये म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

अजून एक. विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि रिपोर्ट आल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. आम्हाला निर्णयाचं पत्र मिळालं २९ ऑगस्टला. हा नियम मला तेव्हा माहीत असता तर फोनवर "मॅडम प्रोसेसमध्ये आहे" ऐकत बसले नसते, तारखा टाकून मेल केली असती. फोनवर काहीही बोलणं झालं तरी त्याच दिवशी मेल करा, नंतर तेच उपयोगी पडतं.

माझी मागणी मोठी नाही. आरोग्य विम्याला जानेवारी २०२४ पासून सोप्या भाषेतला माहितीचा कागद मिळतो, मागितला तर आपल्या भाषेत. गाडीच्या वेळी आमच्या हातात तसं काहीच आलं नाही, ३० पानांची इंग्रजी पीडीएफ आली. पॉलिसीच्या पहिल्याच पानावर मराठीत ठळक लिहा, "पाण्याने इंजिन गेलं तर पैसे मिळतील" किंवा "मिळणार नाहीत", आणि त्याखाली ग्राहकाची सही घ्या. दुसरं, रिन्यूअलचे मेसेज कंपन्या महिनाभर आधीपासून रोज पाठवतात, मग जूनच्या सुरुवातीला एकच मेसेज पाठवा की गाडी पाण्यात असेल तर चावी फिरवू नका. धरणातून पाणी सोडायची सूचना लोकांना जाते तेव्हा तिच्यातही हे एक वाक्य घालता येईल, आणि ती सूचना लोक जागे असताना, गाडी कोरड्या रस्त्यावरून नेता येईल अशा वेळी यायला हवी. पहाटे चारला गाडी काढायची वेळच आली नसती तर हे पुढचं काहीच घडलं नसतं.

आणि वाचकांना हात जोडून सांगते, गाडी बुडाली असेल तर तशीच राहू द्या. पाणी उतरलं, वरून कोरडी दिसली, तरी "बघू चालू होते का" करू नका, पुश बटणालासुद्धा हात नको. जमलं तर बॅटरीची वायर काढा, न्यूट्रलमध्ये टाकून ढकला किंवा क्रेनने उचलून न्या, आणि ऑटोमॅटिक असेल तर चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका, गाडी अख्खी वर चढवून नेणारा फ्लॅटबेडच मागवा. आरसी, पॉलिसी ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवू नका, आमचं आरसीचं कार्ड आणि पॉलिसीचा कागद चिखलात गेला, डिजिलॉकरमध्ये होतं म्हणून निभावलं.

गेल्या वर्षी ४-५ ऑगस्टला आमच्या भागात पुन्हा पाणी शिरलं, तेव्हा गाडी वर्कशॉपमध्ये होती म्हणून वाचली. गेल्या डिसेंबरला रिन्यू करताना इंजिन प्रोटेक्ट आणि झिरो डेप दोन्ही घेतलं. गेल्या रविवारी सोसायटीच्या लिफ्टशेजारी, भिंतीवर जिथपर्यंत पाणी आलं होतं त्या खुणेच्या वर, मी मराठीत मोठ्या अक्षरात कागद लावला, "पाणी आलं तर गाडी स्टार्ट करू नका, माणसं वर या." त्याच्याखाली क्रेनवाल्याचा नंबर लिहिलाय, आणि वॉचमनदादांना तो वाचून दाखवलाय.

आपली,
सिंहगड रोडवरची एक वाचक, पुणे